मामलेदार, अमली पदार्थ आणि ईदचं बिस्कीट: एका अरबी धातूचं मोठं खटलं

मस्कतची_मिसळ (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ईदच्या सुट्टीनंतर इथे मस्कतला ऑफिस उघडलं तेव्हा पँट्रीत पत्र्याचा एक डबा होता, झाकणाच्या आतल्या बाजूला पिठीसाखर लागलेली. आमच्यातला एक लेबनॉनचा गडी दरवर्षी घरून मागवतो. आत छोट्या छोट्या नक्षीदार वड्या, काही चपट्या गोल, काही घुमटासारख्या. तो म्हणाला, मामूल आहे, खा. मी मनात म्हटलं, मामुली कसलं रे, चांगलं दिसतंय की! रव्यातुपाचं कवच, दाताखाली भुरभुरतं, आणि आत खजुराचा गोळा. आपल्या करंजीची लांबची मावसबहीण म्हणा ना. तीन खाऊन झाल्यावर विचारलं की ह्याला मामूल का म्हणतात, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी पोळीला पोळी का म्हणतात असं विचारलंय. म्हणाला, अमल म्हणजे करणं, मामूल म्हणजे केलेलं. दुसरं काय?

आणि माझी ट्यूब पेटली. मामूल, मामुली, मामला, मामलेदार, अंमल, अंमलदार, अमली पदार्थ... हे सगळं एकच घराणं आहे की काय?

आहेच. ज्यांना अरबीची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (मी स्वतः संध्याकाळच्या क्लासचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, जाणकारांनी कान पकडावा). अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. आपल्याकडे कृ धातूपासून कर्ता, कर्म, क्रिया, कृती होतात, पुढे उपसर्ग लावून प्रकार, विकार, संस्कार होतात, तसंच काहीसं, पण फरक असा की अरबीत मुख्य खेळ शब्दाच्या पोटात चालतो. तीन व्यंजनं ठाम राहतात, मधले स्वर बदलतात, कधी पुढे म लागतो, कधी मधलं व्यंजन दुप्पट होतं, कधी अलिफ (आपला आ) घुसतो. इथली तीन व्यंजनं म्हणजे ऐन, मीम, लाम. ऐन म्हणजे तो घशातून येणारा अ, जो मला दोन वर्षांत एकदाही नीट जमलेला नाही आणि मराठीत येताना तर साफ गळून पडतो.

तर अमल म्हणजे काम, कृती. काम करणारा तो आमिल. जे केलं गेलं ते मामूल. दुसऱ्या कुणाशी मिळून करायचं ते मुआमला, म्हणजे व्यवहार, वागणूक, देवाणघेवाण, आणि त्याचाच आपला मामला. कामाला लावणं म्हणजे इस्तिमाल, हिंदीतला इस्तेमाल. इथे जुन्या गाड्यांच्या दुकानावर मुस्तामल लिहिलेलं असतं, म्हणजे वापरलेली, सेकंडहँड. ऑपरेशनला अमलिया म्हणतात, मग ते अपेंडिक्सचं असो नाहीतर लष्कराचं. चलनाला उमला, दलालीला उमूला. मजुरांना उम्माल.

सगळ्यात गंमत अमील ह्या शब्दाची. बँकेचा प्रत्येक एसेमेस ‘अज़ीज़ी अल्-अमील’ असा सुरू होतो, म्हणजे प्रिय ग्राहक. पहिलं वर्षभर मला वाटायचं हे बँकेतल्या कुणाचं तरी नाव आहे आणि हा मनुष्य फार चिकाटीने मेसेज पाठवतो. आणि तोच शब्द राजकारणाच्या बातमीत आला की अर्थ होतो शत्रूचा हस्तक. लेबनॉनच्या त्या सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो हसून लोळला, म्हणाला आमच्याकडे रस्त्यात कुणाला अमील म्हणालास तर मार खाशील, आणि बँकेत तोच शब्द ऐकायला लोक टोकन घेऊन बसतात.

आता माझा मुद्दा. अरबीत हे सगळं कुटुंब कामाचं आहे, घामाचं आहे. इथे आमिल म्हणजे साइटवरचा मजूर. खेडच्या एका सुताराने मध्ये त्याचं कार्ड माझ्यासमोर धरलं, भाऊ ह्यात धंदा काय लिहिलाय बघा, तर आमिल लिहिलं होतं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे अंमल म्हणजे सत्ता, अंमलदार म्हणजे हुकूम सोडणारा, मामलेदार म्हणजे तालुक्याचा मालक. तेच तीन व्यंजन, तिकडे टोपलं उचलतंय आणि इकडे खुर्चीत बसलंय. माझा अंदाज असा की आपल्याला हे शब्द बाजारातून किंवा घरातून मिळालेच नाहीत, ते बहामनी काळापासून फारसीच्या हाताने दफ्तरातून आले. दफ्तरात जो ‘करतो’ तो साहेब असतो. ज्या दारातून आले त्या दाराचाच वास त्यांना लागला.

कुणाला अजून भाऊबंद माहीत असतील तर सांगा. (आणि हो, ठाण्याच्या मामलेदार मिसळीचं नाव मुद्दाम वर घेतलं नाही, कारण तिची आठवण आली की मला इथे फार त्रास होतो.)

---

चिंचपोकळी_लोकल

भारी धागा! वाचतोय. म्हणजे मामलेदार कचेरीजवळची म्हणून मामलेदार मिसळ, आणि तिकडे खजुराची वडी मामूल, म्हणजे दोन्ही खायच्याच गोष्टी निघाल्या की. धातू खादाड आहे.

एक शंका. यूएईने मंगळावर यान पाठवलं होतं त्याचं नाव पण अल्-अमल होतं ना? ते पण हेच का, काम?

---

मस्कतची_मिसळ

नाही ना, तिथेच तर आपली फसगत होते. ते अमल अलिफवालं, म्हणजे साध्या अ चं, अर्थ आशा. २०२० च्या जुलैमध्ये सुटलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलं, ‘मिस्बार अल्-अमल’, आशा नावाचं यान. मी क्लासमध्ये हेच वाक्य वाचताना ऐनवालं अमल म्हणालो आणि मास्तर म्हणाले, छान, तू त्याला मजुरीला पाठवलंस. देवनागरीत दोन्ही अगदी सारखेच दिसतात पण अरबी कानाला दोन वेगळे धातू, ओळखदेख नाही.

असंच इमारत आणि अमिरातचं. इमारत ऐन-मीम-रे ह्या धातूची, वसवणं, बांधणं, उमर म्हणजे वय तेही त्यातलंच. आणि अमिरात, अमीर हे अलिफ-मीम-रेवाले, हुकूम देणं. दुबईत इमारती इतक्या की दोन्ही एकच वाटावेत, पण नाहीत.

---

शुद्धलेखन_काकू

लेख चांगला आहे. पण काही गोष्टी खटकल्या.

१) अंमल की अमल? तुम्ही एकाच परिच्छेदात अंमलदार आणि अमली लिहिलंय. काहीतरी एक धरा.

२) अमली पदार्थ हा शब्द संस्कृत ‘अम्ल’पासून आला आहे असं मला शाळेत शिकवलं होतं. मद्य आंबवून करतात म्हणून अम्ल, म्हणून अमली. अरबीपर्यंत जायची गरजच काय?

३) अमल हे संस्कृत नाव पण आहे, अ-मल, निर्मळ. त्याचं काय?

---

पंजाबातला_पाव्हणा

काकू, दुसऱ्या मुद्द्याबद्दल. अम्ल नाही हो. मी सहा वर्षं लुधियान्यात काढली, तिथे नशेबाज माणसाला सरळ ‘अमली’ म्हणतात, आणि तो अमली काही ताक पिऊन अमली झालेला नसतो, अफू खाऊन झालेला असतो, अफूत आंबवण्याचा प्रश्न येतोच कुठे. मारवाडात तर अमल म्हणजे थेट अफू. एका लग्नाला गेलो होतो तिकडे, म्हातारी मंडळी गोल करून बसलेली, एकाने अफूचं पाणी गाळून तळहाताच्या खोलग्यात धरलं आणि पाहुण्याने त्या हातातूनच ते प्यायचं अशी रीत. मी नको नको करत होतो तर त्यांना राग आला, अमलाला नाही म्हणायचं नसतं म्हणे. शेवटी ओठ लावल्यासारखं केलं.

आणि इराणात पण व्यसनी माणसाला ‘अमली’च म्हणतात. तिकडे कोण संस्कृत अम्ल शिकवायला गेलं होतं?

---

मस्कतची_मिसळ

पाव्हणे, इराणची माहिती झकास. मला वाटतं रस्ता असा झाला असावा: अमल म्हणजे कृती, मग त्या कृतीचा परिणाम, मग परिणाम म्हणजे ताबा. मराठीत आपण झोपेचा अंमल, औषधाचा अंमल म्हणतोच की. गोळी घेतली, तिने काम सुरू केलं, अंमल चढला. राज्याचा अंमल आणि दारूचा अंमल हे मराठीत वेगळे वाटतच नाहीत, दोन्हीत तुमचं स्वतःचं काही चालत नाही.

काकू, संस्कृत अमल वेगळा आहे हे बरोबर. म्हणजे देवनागरीत अमल लिहिलं की तीन माणसं एकाच बाकावर बसलेली असतात: निर्मळ, आशा आणि काम. अनुस्वाराबद्दल मात्र मी माघार घेतो. अंमल, अंमलदार मला अनुस्वाराशिवाय उघडे वाटतात आणि पेपरात अमली, अंमली दोन्ही वाचतो.

---

शुद्धलेखन_काकू

पंजाबचं पटलं. अनुस्वाराचं नाही.

---

चिंचपोकळी_लोकल

म्हणजे ‘पोलीस अंमलदाराने अमली पदार्थ पकडले आणि कायद्याची अंमलबजावणी केली’ ह्या वाक्यात एकच शब्द तीनदा आलाय 😂 आता बातम्या नीट वाचता येणार नाहीत.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

धागाकर्ते, तुम्ही मामलेदार म्हणालात आणि माझी ३४ वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली.

आमच्या तालुक्याच्या कचेरीवर पाटी तहसीलदार अशीच होती. १९६६ च्या महसूल संहितेत तहसीलदार हाच शब्द आहे, मामलेदार नाही. पण आमचा जुना शिपाई मरेपर्यंत मामलेदारसायेब म्हणत राहिला आणि खेड्यातले लोक पण. आणि एका ठिकाणी कायद्यातही मामलेदार अजून जिवंत आहे बरं का. मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६, कलम ५. शेताचा रस्ता अडवला, पाटाचं पाणी अडवलं की त्याखाली अर्ज येतो, अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. आजही करतात. म्हणजे अर्ज तहसीलदाराकडे, पण तहसीलदार त्या दिवसापुरते मामलेदार होतात.

एक सांगतो. दोन सख्खे चुलतभाऊ, गाडीवाट एकाच्या बांधावरून, दुसऱ्याच्या रानात जाणारी. ह्याने वाटेवर दगड रचले आणि वर बाभळीचे काटे टाकले. साहेब स्थळपाहणीला आले, मी फायलीचा गठ्ठा काखेत मारून मागे. साहेब काट्यांसमोर उभे, दोन्ही पार्ट्या एकदम बोलतायत, म्हातारी चुलती मध्ये उभी राहून पदराने डोळे पुसतीये. साहेबांनी एकच विचारलं, खळ्यावर माल कुठून न्यायचे तुमचे वडील? दगड रचणारा गप्प झाला. पंचनाम्यात मी लिहिलं, चाकोरी स्पष्ट दिसते. ती खरंच दिसत होती, काट्यांच्या खालून, दोन खोल चऱ्या.

तुमचा मुआमला म्हणजे दोघांनी मिळून करायचा व्यवहार ना? मग मामलेदार हे नाव मला तहसीलदारापेक्षा बरोबर वाटतं. तहसील म्हणजे तर नुसती वसुली.

---

मस्कतची_मिसळ

काका, दंडवत. ह्या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

तहसीलबद्दल तुम्ही म्हणालात ते अगदी खरं, तो ‘हे-साद-लाम’ ह्या धातूचा वाडा. तहसील म्हणजे मिळवणं, गोळा करणं, महसूल म्हणजे जे गोळा झालं ते, हासिल म्हणजे हाती आलेलं. आणि आपण चिडून म्हणतो ना, आता बोलून काय हशील, ते हशील पण तेच! महसूल खात्यात इतकी वर्षं काढून हशील काय, हा प्रश्न एकाच धातूत बसतो बघा.

मुआमला इथे कसा वापरतात ते सांगतो. सरकारी खिडकीवर तुमचं जे काही काम असेल, व्हिसा, लायसन, भाडेकरार, त्या कागदाच्या गठ्ठ्याला मुआमला म्हणतात. बाहेर दुकानांवर पाट्या असतात ‘तख्लीस मुआमलात’, म्हणजे तुमची सरकारी कामं निस्तरून देणारे. तख्लीस मधला खे-लाम-साद ओळखलात का? खलास! पहिल्याच आठवड्यात मी खिडकीवर उभा होतो, तो माणूस शिक्का मारून म्हणाला ‘ख़लास’, मला वाटलं माझं काही खरं नाही. म्हणजे काम झालं, जा आता.

आणि इस्लामी धर्मशास्त्रात इबादात आणि मुआमलात असे दोन मोठे भाग करतात, एक देवाशी, दुसरा माणसांशी. एक म्हण पण आहे, ‘अद्-दीन अल्-मुआमला’, धर्म म्हणजे माणसांशी तुमचं वागणं. त्या चुलत भावांना ऐकवायला हवी होती.

---

गोंयकार_पात्रांव

गोव्यात अजून मामलेदारच आहे, कचेरीवर पाटी पण तीच, आम्हाला तहसीलदार शब्द परका वाटतो. दर तालुक्याला एक. एवढंच सांगायला आलो होतो.

---

मोडी_वाचक

लेख आणि चर्चा दोन्ही उत्तम. थोडी भर.

जुन्या कागदांत ‘मामले’ हा नुसता व्यवहार नाही, तो मुलखाचा भाग आहे. मामले दाभोळ, मामले प्रभावळी असे उल्लेख कोकणच्या कागदात येतात. म्हणजे ज्या मुलखाचा कारभार एकत्र बघायचा तो मामला, आणि तो बघणारा मामलेदार किंवा मामलतदार. पेशवाईत कमाविसदार आणि मामलतदार दोघेही भेटतात.

मोगलांकडे आमिल हा महसूल गोळा करणारा अधिकारी. सिंधमध्ये ही कामं करणाऱ्या हिंदू घराण्यांची पुढे आमिल अशी वेगळी ओळखच तयार झाली, आजही सिंधी लोकांत आमिल आणि भाईबंद (म्हणजे व्यापारी घराणी) असा भेद सांगतात. म्हणजे मस्कतच्या साइटवरचा तुमचा आमिल आणि हा आमिल, एकच शब्द, पण एक हजेरीपटावर आणि दुसरा हजेरी घेणारा.

अंमल शब्दाचं आणखी एक रूप मला फार आवडतं, दुअंमली. एकाच मुलखावर मराठे आणि निजाम दोघेही वसूल घेणार, रयत दोघांच्या मध्ये. ‘दुअंमली मुलूख’ वाचलं की पुढची ओळ वाचायची गरज राहत नाही.

मात्र तुमच्या एका विधानाला माझा विरोध आहे. हे शब्द फक्त दफ्तरातून आले म्हणून साहेबी झाले असं म्हणता येणार नाही. आमिल म्हणजे अधिकारी हा अर्थ अरबीतच होता. खलिफांच्या काळात प्रांतावर नेमलेल्या माणसाला आमिल म्हणत, कुराणात जकात गोळा करणाऱ्यांसाठी हाच शब्द आहे. म्हणजे खुर्ची अरबीतच होती, फारसीने ती फक्त आपल्यापर्यंत वाहून आणली. मजूर हा अर्थच तिकडे आज जास्त चालतो, एवढंच.

---

मस्कतची_मिसळ

मान्य! हे मला क्लासमध्ये सांगितलं होतं आणि मी विसरलो. म्हणजे घरात दोन्ही भाऊ पहिल्यापासून होते, आपल्याकडे फक्त साहेब भाऊ आला, मजूर तिकडेच राहिला. दफ्तरातून आला म्हणून साहेब ‘झाला’ असं नाही, दफ्तराने साहेबालाच निवडलं. माझं वाक्य दुरुस्त करून घ्या. (इथे संपादनाची सोय का नाही हो?)

---

उंटावरचा_शहाणा

उशिरा आलो, कैरोत इंटरनेटचे वांधे होते.

इकडे इजिप्तमध्ये हा धातू दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो कारण कसा आहेस असं विचारायचं असेल तर म्हणतात ‘आमिल एह?’, शब्दशः ‘काय करतोयस?’ बाईला विचारायचं तर ‘आमला एह?’. आल्या आल्या पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये शेजाऱ्याने विचारलं आमिल एह, मी प्रामाणिकपणे सांगितलं, इंजिनियर आहे, पुण्याहून आलोय, पाण्याच्या प्रकल्पावर काम करतो. तो बिचारा सातव्या मजल्यापर्यंत ऐकत राहिला. आता मी पण अल्हम्दुलिल्लाह म्हणून मोकळा होतो.

अजून एक, कुणी सारखी बडबड करत असेल तर म्हणतात ‘अम्माल यित्कल्लिम’, बोलतच सुटलाय. म्हणजे ‘करणारा’ हा शब्द घासून घासून नुसतं सहायक क्रियापद होऊन बसलाय, आपल्या ‘बोलत सुटला’ मधल्या सुटलासारखं. तिथे सुटण्याचा काही संबंध असतो का?

अवांतर: ह्याच चालीवर दुसरा धातू सांगतो, ज़ाद-बे-तो. जप्त, जाब्ता, मजबूत, तिन्ही मराठीत आहेत आणि तिन्ही एकाच मुळाचे, घट्ट धरणं. जप्ती म्हणजे घट्ट पकडली, जाब्ता म्हणजे बांधून दिलेला नियम, मजबूत म्हणजे घट्ट बसवलेलं. इकडे कॉफी मागताना मज़बूत म्हणायचं, पण त्याचा अर्थ कडक नाही, साखर बेताची, म्हणजे अगदी बरोब्बर. मी मजबूत म्हणून कडक आणि बिनसाखरेची यायची वाट बघत बसलो आणि गोड आली. बिनसाखरेचीला म्हणतात ‘सादा’. बोला आता.

---

चिंचपोकळी_लोकल

कॉफी मजबूत म्हणजे गोड आणि साधी म्हणजे कडू. मी ह्या देशात जाणार नाही.

---

तमिळवेड_पुणेकर

मामूलबद्दल एक राहिलंच की. चेन्नईत, बंगळुरात, हैदराबादेकडे ‘मामूल’ म्हणजे हप्ता! ट्रकवाल्याने नाक्यावर द्यायचं ते मामूल. मामूल म्हणजे नेहमीचं, चालत आलेलं, ह्या अर्थावरून नेहमीचं ‘देणं’. लाच म्हणायला लाज वाटते म्हणून ‘नेहमीचं’ म्हणायचं, किती सभ्य लोक.

---

मोडी_वाचक

पेशवे दफ्तरात ‘मामुलाप्रमाणे’ म्हणजे वहिवाटीप्रमाणे. तिथून दक्षिणेतल्या हप्त्यापर्यंत फार लांब जावं लागत नाही 🙂

---

मस्कतची_मिसळ

वा! म्हणजे नुसत्या मामूलचा हिशेब बघा. बैरूतला खजुराची वडी, मराठीत वहिवाट आणि तिचंच मामुली झालं की क्षुल्लक, चेन्नईत हप्ता. आणि चौथा अर्थ मी राखून ठेवला होता, तो व्याकरणातला. अरबी व्याकरणात जो शब्द दुसऱ्यावर परिणाम करतो तो आमिल, आणि ज्याच्यावर परिणाम होतो तो मामूल. आपल्यात ‘ला’ लागला की घोडा वाकून घोड्या होतो ना, घोड्याला, तसं. तिथे ‘ला’ हा आमिल आणि बिचारा घोडा मामूल. आठव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याचे वैयाकरण ह्या भाषेत बोलत होते. म्हणजे वाक्यातसुद्धा अंमलदार आणि रयत आहेच.

त्याच बसऱ्यात खलील इब्न अहमद नावाचे गृहस्थ होते, त्यांच्या नावावर अरबीतला पहिला मोठा शब्दकोश आहे, ‘किताब अल्-ऐन’. नाव असं का, तर त्यांनी अलिफपासून सुरुवात केलीच नाही, घशात सगळ्यात खोलवरून येणारं अक्षर म्हणून ऐनपासून सुरू केलं आणि ओठांकडे येत गेले. (आपली वर्णमाला पण कंठापासून ओठाकडेच जाते, क पासून म पर्यंत, हे क्लासमध्ये सांगितलं तेव्हा मास्तरांनाही मौज वाटली.) आणि त्यांची दुसरी युक्ती म्हणजे तीच तीन अक्षरं उलटसुलट करून होणारे सगळे धातू एकाच ठिकाणी द्यायचे. त्यामुळे ऐन-मीम-लाम बघायला गेलात की शेजारीच ऐन-लाम-मीम भेटतो, म्हणजे इल्म, ज्ञान. आणि लाम-मीम-ऐन, चमकणं.

---

कोल्हापुरी_तालीम

थांबा थांबा. इल्म म्हणजे ऐन-लाम-मीम म्हणालात. म्हणजे तालीम त्यातली का?? आमची तालीम?

---

मस्कतची_मिसळ

त्यातलीच. तालीम म्हणजे शिकवणं. इथे शिक्षणखात्याच्या पाटीवर तालीम लिहिलेलं बघून मला पहिल्यांदा लाल माती आणि लंगोटच आठवले. मुअल्लिम म्हणजे मास्तर, पण गवंड्याला, मेकॅनिकला, कुठल्याही हुन्नरी माणसाला पण अदबीने मुअल्लिम म्हणतात. म्हणजे तुमचे वस्ताद.

---

कोल्हापुरी_तालीम

नाद खुळा! आज संध्याकाळी वस्तादांना मुअल्लिम म्हणून बघतो. पट्टा बसला तर जबाबदारी तुमची.

---

शुद्धलेखन_काकू

चर्चा वाचून छान वाटलं. पण मूळ प्रश्न राहिला. त्या मामूलची कृती कोणी देणार आहे का? रवा बारीक की जाड?

---

मस्कतची_मिसळ

काकू, सहकाऱ्याच्या आईला फोन लावून विचारली, ती सांगतीये आणि तो भाषांतर करतोय असं चाललं होतं. बारीक रवा, त्यात वितळवलेलं तूप चोळायचं, हाताने, चमच्याने नाही, आणि रात्रभर झाकून ठेवायचं म्हणजे रवा तूप पितो. सकाळी गुलाबपाणी आणि थोडं थोडं साधं पाणी शिंपडून मळायचं, अगदी हलक्या हाताने, पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. खजूर कुटून त्यात तूप आणि वेलची घालून गोळ्या करायच्या. पारीत गोळी भरून लाकडी साच्यात दाबायचं आणि साचा उलटा करून त्याचं टोक टेबलावर आपटायचं की मामूल खाली पडतं. भाजताना वरून लाल करायचं नाही, बूड तेवढं बदामी झालं पाहिजे. अक्रोड-पिस्तेवाल्यांवर पिठीसाखर, खजुराच्यांवर शक्यतो नाही.

मी लाकडी साचा नव्हता म्हणून बायकोच्या उकडीच्या मोदकाच्या साच्यात करून बघितलं. निम्मे साच्यातच राहिले. सहकाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, चव ठीक आहे, पण हे मामूल नाही. मी म्हटलं, केलंय ना मी? मग मामूलच.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

साच्याला आधी तुपाचा हात लावायचा हो. मोदकालाही लावतात.